फर्स्ट कॉपी बूट आणि आडवा पसरलेला ग्रुप

चिपळूणच्या पंचक्रोशीतली १६ वर्षांची नेमबाज. प्रकार १० मीटर एअर पिस्तूल, उजव्या हाताची, दोन वर्षांचा नियमित सराव, ६० शॉटना ६०० पैकी सरासरी ५५२. पाऊस सुरू झाला आणि तिच्या जुन्या कॅनव्हासच्या बुटांचा तळ सुटला. निवड स्पर्धा तोंडावर होती, म्हणून वडिलांनी मोबाइलवरच्या जाहिरातीतून एका नामांकित परदेशी कंपनीचे धावण्याचे बूट मागवले. जाहिरातीत ‘१००% ओरिजिनल, एक्सपोर्ट सरप्लस’ असं लिहिलेलं होतं. छापील किंमत ८,९९९ रुपये, हातात पडले २,३०० रुपयांना, कॅश ऑन डिलिव्हरी. तीन आठवड्यांत सरासरी ५४१ वर आली.

हे प्रकरण एका घराचं नाही. किनारपट्टीवरच्या नेमबाजीच्या छोट्या रेंजवर जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते इथे एका खेळाडूभोवती गुंफलं आहे. त्यामुळे तिचे गुण आणि तिच्या बुटांची मापं नमुन्यादाखल धरावीत. नियम, कायदा आणि तपासणीची रीत मात्र जशी आहे तशी दिली आहे.

ट्रिगरवर आलेला आळ

गुण घसरले त्यापेक्षा टार्गेटवरच्या छिद्रांची ठेवण जास्त बोलकी होती. आधी तिच्या दहा शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, साधारण गोल पडायचा, उभा-आडवा ३२ ते ३५ मिमी. आता उभा पसारा तेवढाच राहिला आणि आडवा ५० मिमीपर्यंत गेला. आठ आणि सात गुणांची छिद्रं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या बाजूला पडू लागली. पहिल्या दोन सिरीज (दहा-दहा शॉटच्या फेऱ्या) बऱ्या जायच्या, शेवटच्या दोन मात्र हमखास ढासळायच्या.

आडवी चूक दिसली की कोणताही प्रशिक्षक आधी ट्रिगरकडेच बघतो, आणि ते बरोबरही आहे. बोट ट्रिगरवर कमी-जास्त आत गेलं किंवा दाब सरळ मागे न जाता तिरका गेला, तर शॉट डावी-उजवीकडेच जातो. वडिलांचा प्रश्नही तोच होता, “सर, हिचा ट्रिगर बिघडला का?” मग ट्रिगरचं वजन तपासलं, ते ५०० ग्रॅमच्या किमान मर्यादेच्या वर व्यवस्थित होतं. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, पुन्हा बसवली. रोज अर्धा तास पांढऱ्या कागदावर ड्राय फायरिंग (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं) करून घेतलं. फरक पडला नाही.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटली होती. ट्रिगरची चूक बहुधा एका बाजूला झुकते. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट एकाच दिशेला ओढले जातात. इथे दोन्ही बाजूंना सारखाच पसारा होता, शिवाय तो वेळेबरोबर वाढत होता. असं दिसलं की नजर हातावरून पायांकडे न्यायला हवी.

कारण सरळ आहे. पिस्तूल नेमबाज टार्गेटला बाजू देऊन उभा राहतो. दोन्ही पाऊलं जोडणारी रेघ साधारण टार्गेटच्या दिशेने जाते आणि पायांची बोटं त्या रेघेला आडवी असतात. म्हणून शरीर टाच-चवडा असं पुढेमागे डुललं की साइट (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा) टार्गेटवर डावी-उजवीकडे सरकतात. वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेलं तर परिणाम मुख्यतः वर-खाली दिसतो. आडवा ग्रुप म्हणजे टाच-चवडा या दिशेतली अस्थिरता, आणि त्या दिशेत बुटाचा तळ सर्वात जास्त ढवळाढवळ करतो.

नुसत्या डुलण्याने फार बिघडत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. खांदा, हात आणि पिस्तूल एकत्र २ मिमी सरकले, तर शॉटही २ मिमीच सरकतो; एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं आहे, त्यात ते खपून जातं. नुकसान होतं ते डुलणं सावरताना. सावरण्यासाठी मनगट किंवा खांदा किंचित वळतो, आणि ०.१ अंशाचा कोन १० मीटरवर जवळपास १७.५ मिमी होतो. दोन वर्तुळांच्या मधलं अंतर ८ मिमी आहे. म्हणजे डोळ्याला न जाणवणाऱ्या एका वळणाने दोन गुण जातात. तयारीची १५ मिनिटं आणि सामन्याची ७५ मिनिटं धरली तर खेळाडू दीड तास उभी असते, आणि पोटऱ्या तेवढा वेळ हे सावरण्याचं काम करत असतात. शेवटच्या वीस शॉटना त्या थकतात.

बूट बदलून पाहण्याची चाचणी

संशय बुटावर आला तरी नुसत्या संशयावर बूट बदलू नयेत. नवे बूट आले की नव्याची उमेदही येते आणि दोन दिवस गुण वाढतातच. म्हणून अदलाबदल करून तपासलं. दहा शॉट नव्या बुटांत, दहा अनवाणी, पुन्हा दहा नव्या बुटांत, पुन्हा दहा अनवाणी. मध्ये पाच मिनिटं बसून विश्रांती, आणि प्रत्येक वेळी स्टान्स (उभं राहण्याची ठेवण) नव्याने घ्यायचा. प्रत्येक सिरीजला वेगळं कागदी टार्गेट लावलं, पण गुण मोजले नाहीत. फक्त सर्वात डावं आणि सर्वात उजवं छिद्र यांच्यातलं अंतर पट्टीने मोजलं. गुण मोजले की खेळाडू गुणांसाठी खेळते आणि चाचणी बिघडते.

अनवाणी दोन्ही वेळा आडवा पसारा ३६ मिमीच्या आत आला, बुटांत दोन्ही वेळा ४८ च्या वर गेला. चाळीस शॉट म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण दोनदा सारखंच घडलं तेव्हा बूट टेबलावर घ्यायला तेवढं पुरेसं होतं. हीच चाचणी आधी करायला हवी होती, कारण तिला एक तास लागतो आणि पैसा लागत नाही.

टेबलावर बूट

साधनं घरचीच होती: स्वयंपाकघरातला वजनकाटा, व्हर्नियर (मिमीच्या अंशापर्यंत मोजणारी सरकपट्टी), खिडकीच्या काचेचा सपाट तुकडा आणि दोन पोस्टकार्डं.

आधी वजन केलं. डावा ३१८ ग्रॅम, उजवा ३४१. नीट बनलेल्या जोडीत फरक थोड्या ग्रॅमचा असतो. २३ ग्रॅमचा फरक म्हणजे दोन तळ एका मालाचे नाहीत. बुटाचा मधला थर ईव्हीए फोमचा असतो. साच्यातून काढल्यावर हा फोम थोडा आकसतो आणि स्थिर व्हायला वेळ घेतो. चांगले कारखाने तो वेळ देतात, मग मापं आणि घट्टपणा जुळणारे तळ निवडून जोडी लावतात. नकली माल बनवणाऱ्याला दिसण्याचेच पैसे मिळतात, म्हणून दोन वेगळ्या घाण्यांतले तळ एका खोक्यात येतात. भुकटी आणि पुनर्वापराचा फोम मिसळला असेल तर एक तळ जड आणि कडक, दुसरा हलका आणि मऊ होतो.

नंतर दोन्ही बूट काचेवर ठेवले. उजव्याची बाहेरची कड काचेला टेकत नव्हती, पोस्टकार्ड खालून सहज आत गेलं. पुढचं टोक डाव्याचं १० मिमी उचललेलं, उजव्याचं १४. हा उचललेला चवडा धावण्याच्या बुटात मुद्दाम ठेवलेला असतो, पाऊल पुढे लोटलं जावं म्हणून. उभं राहून नेम धरणाऱ्याला तोच घातक, आणि दोन बुटांत तो वेगवेगळा असला तर अधिकच.

सर्वात महत्त्वाचं माप मात्र वापरानंतरचं. टाचेच्या फोमची उंची सकाळी मोजली, खेळाडू तासभर स्टान्समध्ये उभी राहिली, बूट काढल्या काढल्या पुन्हा मोजली. डावा १ मिमी बसला, उजवा ३.५. पावलांमधलं अंतर ४५ सेंमी धरलं तर या अडीच मिमीचा कल साधारण ०.३ अंश होतो. शिवाय हा फरक स्थिर नाही. सामन्याच्या सुरुवातीला वेगळा, शेवटी वेगळा, आणि रात्रभर ठेवल्यावर फोम अर्धवट फुगून आला की दुसऱ्या दिवशी आणखी वेगळा.

नकली बुटावर आमचा खरा राग यासाठी आहे. दोन महिन्यांत तो फाटला असता तर एक वेळ परवडलं असतं, कारण फाटलेला बूट निदान दिसतो. हा बूट दिसायला धड राहतो आणि पायाखालची जमीन रोज थोडी बदलतो. पोर रोज नवी चूक शोधून रोज नवी दुरुस्ती शिकते. तीन आठवड्यांत तिने मनगट घट्ट धरायची सवय लावून घेतली होती. ती सुटायला बूट बदलल्यानंतरही बरेच दिवस गेले.

इनसोल (बुटातला सुटा आतला तळ) उचलला तेव्हा आत करड्या रंगाचा पुठ्ठा निघाला. चांगल्या खेळाच्या बुटात या जागी बहुधा कापडी तळ वरच्या भागाला चहूबाजूंनी शिवलेला असतो. पुठ्ठा कोकणातल्या जुलैच्या हवेत ओल पितो, फुगतो, वाळताना वाकडा होतो. या पुठ्ठ्याला टाचेपाशी बुरशीही धरली होती. चवड्यापाशी तळ आणि कापड यांच्यात नख जाईल एवढी फट पडलेली, कारण चिकटवण्याआधी रबर खरवडून त्यावर प्रायमर लावायचा असतो आणि ती पायरी गाळलेली. कोरड्या हवेत असा जोड वर्षभर तग धरेल, इथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात सुटतो.

नियमात बसतो, तरी उपयोग नाही

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांप्रमाणे पिस्तुलासाठी बूट बुटक्या कडांचा हवा, घोट्याची दोन्ही हाडं त्याने झाकता कामा नयेत. तळ सपाट आणि पुढच्या अर्ध्या भागात वाकणारा हवा. आत वेगळा इनसोल चालतो, पण तोही चवड्याशी वाकायला हवा. वाकण्याची चाचणी यंत्रावर होते: बूट पुढून पकडून टाचेकडे १५ न्यूटन-मीटरचा जोर लावला की तळ किमान २२.५ अंश वाकला पाहिजे. नियमावली वेळोवेळी सुधारली जाते, म्हणून स्पर्धेआधी चालू आवृत्ती पाहावी.

हे घरी अंदाजाने तपासता येतं. बुटात चवड्याच्या जागी लाकडी ठोकळा घालून तो भाग टेबलाला क्लॅम्पने आवळा. चवड्याच्या घडीपासून १५ सेंमी मागे टाचेला दोरी बांधा आणि सामान तोलायच्या हुकच्या काट्याने, दोरी तळाशी काटकोनात राहील अशा बेताने, वर ओढा. काटा १० किलोच्या किंचित वर दाखवेल तेव्हा १५ न्यूटन-मीटर झाले. तेवढ्यात टाच पावणेसहा सेंमी किंवा अधिक उचलली गेली तर बूट वाकण्याच्या चाचणीत पास व्हावा.

हा नकली बूट वाकण्यात आरामात पास झाला, मऊच होता तो. अडचण निघाली ती कडेची: उजव्या बुटाची गादीदार कड डाव्यापेक्षा उंच शिवलेली आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडावर चढणारी. स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीच्या, म्हणजे इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर हे निघालं असतं तर ऐनवेळी दुसरे बूट शोधण्याची पळापळ झाली असती. पण कड ठीक असती आणि बूट मंजूर झाला असता, तरी दोन तळ सारखे आहेत की नाहीत हे तिथे कोणी तपासत नाही. तपासणी गैरफायदा रोखण्यासाठी असते. मंजुरी मिळाली म्हणजे बूट नेमबाजीला चांगला, हा समज सोडावा.

रायफलवाल्यांसाठी थोडक्यात. त्यांच्या खास बुटांच्या मर्यादा वेगळ्या आहेत: पुढच्या टोकाशी तळाची जाडी कमाल १० मिमी, वरच्या भागाच्या साहित्याची जाडी कमाल ४ मिमी, उंची लांबीच्या दोन तृतीयांशाहून जास्त नाही. त्या बुटांचा वापरलेला माल हातोहात विकला जातो. तो घेण्यात गैर काही नाही, पण पॉलीयुरेथेनचा तळ असेल तर ओलीत त्याचे तुकडे पडू लागलेत का, हे अंगठ्याने दाबून पाहावं.

अस्सल घ्यायचा तर कोणता

इथे बहुतेक पालक दुसऱ्यांदा चुकतात. नकली नको म्हणून तोच ८,९९९ चा अस्सल बूट घ्यायला निघतात. तो बूट उत्तम आहे, धावण्यासाठी. जाड मऊ फोम, उचललेला चवडा, टाच चवड्यापेक्षा ८-१० मिमी उंच. धावपटूला हे सगळं हवं असतं, पिस्तूल नेमबाजाला यातलं काहीच नको. आमचं स्पष्ट मत असं की नेमबाजाला साध्या कंपनीचा, पण त्याच कंपनीच्या नावाने विकलेला, सपाट तळाचा हजार-पंधराशेचा बूट या दोन्हींपेक्षा सरस ठरतो. खास पिस्तुलाचे बूट परवडत असतील तर उत्तमच, पण जिल्हा आणि राज्य पातळीवर त्यांच्यावाचून अडत नाही.

या खेळाडूसाठी बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन निवड केली. वेळ संध्याकाळची, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे सामन्याचेच. बूट आधी काचेच्या काउंटरवर ठेवून पोस्टकार्ड फिरवलं. मग दुकानाच्या लादीवर स्टान्स घेतला, पिस्तुलाच्या जागी पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली हातात धरली, म्हणजे साधारण एक किलो, आणि डोळे मिटून मिनिटभर उभी राहिली. डोळे मिटले की मऊ तळ लगेच कळतो, पायाची बोटं आपोआप आवळली जातात. “काका, जरा आणखी एक जोड दाखवा” असं चार वेळा म्हणायला संकोचू नये. चौथी जोडी घेतली: सपाट रबरी तळ, पातळ फोम, टाच-चवड्यात जेमतेम २ मिमीचा फरक, दोन बुटांच्या वजनात ४ ग्रॅमचा. किंमत १,४५० रुपये.

अस्सलपणाची खूण म्हणून लोक शिवण, लोगो, खोक्यावरचा क्यूआर कोड बघतात. हे सगळं आता हुबेहूब नकलता येतं. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक जुळतो का, तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच रंगात दिसतो का, हे जरूर बघा; पण जुळला म्हणजे अस्सल, असं मानू नका. विक्रेत्याचं पक्कं बिल जास्त भरवशाचं. त्यावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर सुरुवात २७ ने, आणि तो जीएसटी पोर्टलवर टाकला की व्यापाऱ्याचं नाव दिसतं. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हवा. खेळाच्या बुटांसाठी भारतीय मानक आयएस १५८४४ आहे. आयएसआय चिन्ह छापलेलं असेल तर त्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो.

पैसे परत

‘फर्स्ट कॉपी’ असं सांगून विकलेला माल जाणूनबुजून घेतला, तर फसवणुकीची तक्रार लंगडी पडते. इथे जाहिरातीत ‘ओरिजिनल’ लिहिलेलं होतं, आणि वडिलांनी तिचा स्क्रीनशॉट ठेवला होता, त्यावरच सगळं उभं राहिलं. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. पण सामान्य ग्राहकाला पैसे हवे असतात, आणि त्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याची वाट सोपी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणून चिपळूणवाल्याला विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

एक व्यवहाराची गोष्ट: पैसे परत करताना विक्रेता माल परत मागतो. तो देण्याआधी काट्यावरच्या वजनाचे, काचेवरच्या फटीचे, पुठ्ठ्याचे आणि लेबलचे फोटो काढून ठेवावेत. इथे हेल्पलाइनवर तक्रार नोंदल्यावर २,३०० रुपये परत आले, कुरियरचा खर्च मात्र घरचाच गेला.

नव्या बुटांत

पहिले दोन आठवडे गुण लिहिले नाहीत. रोज सुरुवातीला डोळे मिटून हात वर, मग डोळे उघडून साइट कुठे आहेत ते पाहायचं. साइट डावीकडे असतील तर मागचा पाय डावीकडे, उजवीकडे असतील तर उजवीकडे, एका वेळी एखादा सेंटीमीटर. हात वळवून दुरुस्ती करायची नाही. घट्ट मनगटाची सवय सोडवण्यासाठी टार्गेटशिवाय, नुसत्या पांढऱ्या कागदावर शॉट. पाचव्या आठवड्यात सरासरी ५४९ होती आणि ग्रुप पुन्हा गोल होऊ लागला होता.

बूट आता रेंजच्या दारातच घालते आणि तिथेच काढते. जांभ्याची लाल माती तळाच्या खाचांत बसली की लादीवर पकड कमी होते. ओल्या फडक्याने तळ पुसून, कोरडा झाल्यावरच फायरिंग पॉइंटवर. भिजले तर इनसोल वेगळा काढायचा, आत वर्तमानपत्र कोंबायचं, दर दोन तासांनी बदलायचं आणि पंख्याखाली ठेवायचं. चुलीच्या किंवा गॅसच्या उबेला ठेवले तर गोंद सुटतो आणि फोम आकसतो. जिभेच्या आत खरेदीची तारीख लिहिली आहे. महिन्यातून एकदा दोन्ही टाचांची उंची व्हर्नियरने मोजून सरावाच्या वहीत लिहायची, आणि दोन्हींत १ मिमीहून जास्त फरक पडला की ही जोडी शाळेला, सरावाला नवी.